पहिला खेळ आणि परका खेळाडू

संगणकाच्या पडद्यावर एक लहानसा ठोकळा डावीकडून उजवीकडे सरकतो, कळ दाबताच उडी मारतो, अधांतरी टांगलेल्या फळीवर उतरतो, वाटेतल्या खड्ड्यात पडला तर मरतो आणि पुन्हा आरंभीच्या जागी उभा राहतो. ज्या खेळप्रकाराला ‘प्लॅटफॉर्मर’ म्हणतात त्याचा सांगाडा एवढाच. (या प्लॅटफॉर्मवर गाडी कधीच येत नाही, तेव्हा ती उशिरा येण्याचाही प्रश्न नाही.) त्यात काही टोकदार खिळे, दोन-चार फिरते शत्रू आणि त्यांचा समाचार घेण्यासाठी एखादी तलवार जोडली की त्याला ‘ॲक्शन प्लॅटफॉर्मर’ असे भारदस्त नाव मिळते. संगणकाशी नुकतीच मैत्री झालेला विद्यार्थी आयुष्यातला पहिला खेळ रचावयास बसतो तेव्हा तो बहुधा हाच प्रकार निवडतो, आणि त्याची निवड चुकीची नसते. साधनांची आज वाण नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी खुले केलेले ‘स्क्रॅच’ फुकट आहे. अर्जेंटिनात जन्मलेले आणि २०१४ पासून सर्वांना मुक्त असलेले ‘गोडो’ हे अधिक समर्थ साधनही फुकट आहे. साधा संगणक, थोडी चिकाटी आणि रात्री जागण्याची तयारी असली की महिनाभरात एक लहानसा खेळ उभा राहतो.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते, आणि तिची तयारी मात्र कोणीच करून घेत नाही.

खेळ पुरा होईपर्यंत कर्त्याने तो शेकडो वेळा खेळलेला असतो. कोणत्या फळीच्या कोणत्या टोकावरून उडी घ्यावयाची, कोणता शत्रू कोठून मागे वळतो, हे त्याच्या बोटांना पाठ झालेले असते. मग तो मोठ्या हौसेने कोणाला तरी संगणकासमोर बसवतो. समजा, घरी आलेली मावशीच सापडली. मावशी पहिल्याच खड्ड्यात पडते. दुसऱ्यांदा पडते. तिसऱ्यांदा खड्ड्याच्या काठापर्यंत येऊन थबकते, आणि मग पडते. कर्त्याच्या तोंडून नकळत शब्द निघून जातात : “अगं मावशी, तिथून नाही, जरा अलीकडून उडी मार!” हे वाक्य उच्चारले गेले की त्या दिवसापुरती खेळाची तपासणी संपली असे खुशाल समजावे. कारण उद्या हा खेळ अनोळखी माणसांच्या हाती जाईल तेव्हा कर्ता प्रत्येकाच्या घरी जाऊन अलीकडून उडी मारावयास सांगू शकणार नाही.

दोष मावशीचा की खड्ड्याचा, असा हा प्रश्न आहे. पहिला खेळ रचणारे बहुतेक तरुण त्याचे उत्तर मावशीच्या विरुद्ध देतात. तिला खेळाची सवय नाही, असे म्हणून मोकळे होतात. हे उत्तर सोयीचे आहे, पण ते उपयोगाचे नाही. तिला सवय नाही हे खरेच. परंतु सवय नसलेल्या माणसाला सवय लावणे हेच पहिल्या पडद्याचे काम नव्हे काय? शिक्षकांना हा अनुभव परका नसावा. वर्गातील दोन मुलांचे उत्तर चुकले तर मुलांचा अभ्यास कच्चा; पण साठांपैकी पंचावन्न मुलांनी एकाच प्रश्नाचे एकच चुकीचे उत्तर लिहिले तर शहाणा शिक्षक प्रश्नपत्रिका पुन्हा वाचतो. कचेरीतही तेच. छापील अर्जाच्या ज्या रकान्यात प्रत्येक अर्जदार चुकीची माहिती भरतो, तो रकानाच चुकलेला असतो. मात्र खिडकीमागचा कारकून ते रोज पाहत असूनही अर्ज पुन्हा छापण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. खेळ रचणारा या बाबतीत भाग्यवान. खिडकीमागे बसणारा तोच आणि अर्ज छापणाराही तोच.

या व्यवसायातील थोरांनी हे फार लवकर ओळखले होते. जपानच्या निन्टेंडो कंपनीतील शिगेरू मियामोतो यांचे शिक्षण औद्योगिक वस्तूंच्या रचनेचे. प्रोग्रामिंग हा त्यांचा प्रांत नव्हे. कंपनीचा ‘रडार स्कोप’ नावाचा खेळ अमेरिकेत खपेना, यंत्रे गोदामात पडून राहिली, आणि त्याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ रचण्याचे काम या तरुणाकडे आले. १९८१ सालचा ‘डाँकी काँग’ तो हाच. वर चढून बसलेला गोरिला पिंपे लोटतो आणि एक बुटका सुतार ती उड्या मारून चुकवीत वर चढतो, एवढेच त्याचे कथानक. उडी हाच ज्याचा प्राण आहे अशा खेळांची परंपरा तेथून जोमाने सुरू झाली. याच मियामोतोंविषयी त्यांचे सहकारी आणि नंतर कंपनीचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता एक गोष्ट सांगत असत. तयार होत असलेला खेळ ज्याने कधीच पाहिलेला नाही अशा एखाद्या कर्मचाऱ्याला मियामोतो पकडून आणीत, काहीही न सांगता त्याच्या हाती नियंत्रक देत आणि आपण मागे उभे राहून त्याच्या खांद्यावरून नुसते पाहत राहत. तो कोठे अडतो, काय पाहूनही त्याच्या ध्यानात येत नाही, कोठे त्याचा चेहरा उजळतो, एवढेच ते टिपत. तोंडातून शब्द नाही.

अशा पाहण्यातून काय साधते ते १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या पडद्यांत दिसते. आरंभी नायक डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. अर्थात माणूस उजवीकडे निघतो. थोड्याच अंतरावर एक त्रासिक चेहऱ्याचा शत्रू समोरून चालत येतो. त्याला धडकले की मरण. पण मेल्याने गमावले काय, तर चार पावलांची चाल. दुसऱ्या खेपेला खेळाडू उडी मारतो, आणि चुकून त्या शत्रूच्या डोक्यावर पडला तर शत्रूच चिरडतो. पुढे प्रश्नचिन्हाच्या चौकोनातून अळंबे बाहेर पडते. ते शत्रूसारखे दिसते म्हणून नवखा माणूस त्याला भितो. परंतु ते उजवीकडे जाऊन नळाला आपटते, उलटे फिरते आणि त्याच्याच अंगावर येते. वर विटांचे छत असल्यामुळे त्याला चुकवणेही कठीण. ते अंगाला लागते आणि नायक मोठा होतो! भीती होती तेथे लाभ झाला, हे खेळाडू कधी विसरत नाही. या साऱ्यात कोठेही सूचनेची पाटी नाही, ‘अलीकडून उडी मारा’ असा फलक नाही. मियामोतोंनी हा पहिला भाग पुढचे बरेच भाग रचून झाल्यानंतर रचला होता, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. नवशिक्या नेमके उलट करतो : पहिला पडदा पहिल्यांदा, म्हणजे स्वतःला काहीच येत नसताना रचतो आणि पुढे त्याला हात लावीत नाही.

आता अभिप्रायाच्या शब्दांकडे वळावे. आपल्याकडे पहिला खेळ पाहणाऱ्याच्या तोंडून निघणारा पहिला अभिप्राय ठरलेला असतो : “छान आहे.” यात सौजन्य आहे, जिव्हाळा आहे, पण माहिती काहीही नाही. खेळ दोन मिनिटांत बाजूला ठेवून ‘छान आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा, काहीही न बोलता अर्धा तास खेळत बसणाऱ्याने अधिक मोठी पावती दिलेली असते. याच्या उलट दुसरे टोक. आपले वाचन, आपली हुशारी, जगातील मोठमोठ्या खेळांशी असलेला आपला परिचय दाखविण्यासाठी एखादा मित्र त्या बिचाऱ्या ठोकळ्यावर तुटून पडतो. अमक्या खेळात असे होते, तमक्यात तसे. येथे मात्र पार्श्वसंगीतही नाही! शेकडो माणसांनी, अफाट खर्चाने केलेल्या खेळाशी एका विद्यार्थ्याच्या महिन्याभराच्या कामाची तुलना करून काय साधते, हे त्यालाच ठाऊक. पहिला अभिप्राय कर्त्याला झोपवतो, दुसरा त्याला पळवून लावतो. खेळात सुधारणा दोन्हींनी होत नाही.

या दोहोंच्या मध्ये असलेला, काहीसा कुरकुरणारा आणि नेमके बोट ठेवता न येणारा जो अभिप्राय असतो, तो सर्वांत मोलाचा. “उडी नीट लागत नाही” हे त्याचे नमुनेदार रूप. खेळाडू पुढे उपायही सुचवतो : उडी उंच करा, खड्डा लहान करा, ठोकळ्याचा वेग कमी करा. येथेच अननुभवी कर्ता घसरतो. तो एक तर म्हणतो, ‘उडी अगदी बरोबर आहे, गणित तपासून पाहिले आहे’. किंवा घाबरून उडी उंच करतो, मग पुढच्या सगळ्या फळ्यांचा हिशेब बिघडतो, आणि तक्रार कायमच राहते. रोगी दुखते कोठे ते खरे सांगतो. औषध त्याने सुचवलेले असेल तर ते तपासून घ्यावे लागते.

‘उडी नीट लागत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा उडीच्या उंचीत नसते, तर काळात असते. माणूस फळीच्या अगदी टोकाशी येऊन कळ दाबतो. निदान आपण टोकावर असतानाच दाबली, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. पण त्याचे बोट प्रत्यक्षात क्षणभर उशिरा पडलेले असते. संगणक काटेकोर, पायाखाली फळी नाही, सबब उडी नामंजूर! खेळाडू खड्ड्यात जातो आणि यंत्राने आपल्याला फसवले असे समजतो. यावर जुना आणि सुंदर उपाय आहे. फळी सुटल्यानंतरही काही क्षण उडीचा हक्क शिल्लक ठेवावयाचा. अमेरिकन व्यंगचित्रपटांत एक कोल्ह्यासारखा प्राणी कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली पाहीपर्यंत अधांतरी टिकून राहतो; त्याच्या नावावरून या सवलतीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला ‘सेलेस्ट’ हा खेळ अतिशय अवघड म्हणून गाजला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्याचे पहिले, चिमुकले रूप २०१५ साली अवघ्या चार दिवसांत तयार केले होते. पुढे त्याचाच विस्तार होऊन सातशेहून अधिक पडद्यांचा डोंगर उभा राहिला. या खेळातील नायिकेच्या हालचालींची आज्ञावली कर्त्यांनी नंतर सर्वांसाठी खुली केली, तेव्हा त्या ‘कठोर’ खेळाचे अंतःकरण किती मऊ आहे ते लोकांना कळले. फळी सुटल्यानंतर सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे दर सेकंदाला साठ चित्रे या हिशेबाने सहा चित्रांइतका वेळ, उडी मारण्याची मुभा आहे. जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी कळ दाबली गेली तर ती वाया जात नाही. पाय टेकताच उडी घडते. वर उडताना डोके छताच्या कोपऱ्याला चार बिंदूंपर्यंत घासले तर संगणक नायिकेला हळूच बाजूला सरकवून वाट करून देतो. खेळणाऱ्याला यातले काहीही कळत नाही. त्याला एवढेच जाणवते की आपला हात आज चांगला चालतो आहे. हजारदा मरूनही तो खेळावर रुसत नाही, कारण प्रत्येक मरणाची जबाबदारी त्याला स्वतःची वाटते. एकाही खेळाडूने कधी ‘मला सेकंदाचा दहावा भाग द्या’ अशी मागणी केली असती काय? त्यांची मागणी ‘उडी नीट करा’ एवढीच असणार. त्या कुरकुरीतून हा दशांश शोधून काढणे हे कर्त्याचे काम.

अर्थात कर्ता दरवेळी चूक आणि खेळाडू दरवेळी बरोबर, असे मानण्याचे कारण नाही. १९८२ साली डेव्हिड क्रेन या अमेरिकन रचनाकाराने ‘पिटफॉल’ हा जंगलातील धावण्या-उडण्याचा खेळ तयार केला. अटारीच्या ज्या यंत्रासाठी तो होता त्याची कार्यस्मृती केवळ १२८ बाइटची, म्हणजे या लेखातले एखादे मध्यम लांबीचे वाक्यही तीत मावणार नाही. आणि सारा खेळ चार किलोबाइटांत बसवावयाचा. तेवढ्यात क्रेनने २५५ पडदे बसवले. ते साठवून ठेवले नाहीत, तर एका गणिती सूत्रातून जागच्या जागी निर्माण केले. एवढी करामत करणाऱ्या माणसाला वाटत होते की खेळाडूला एकच प्राण द्यावा; पडला की खेळ संपला. सहकाऱ्यांनी खेळून पाहिले आणि ते हटून बसले : एका प्राणात हा खेळ कोणी खेळणार नाही. शेवटी क्रेनने तीन प्राण दिले. चाळीस लाखांहून अधिक प्रती खपलेल्या त्या खेळाचे नशीब त्या दिवशी बदलले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वीस मिनिटांच्या त्या मोहिमेत पहिल्या मगरीपाशीच घरी परत जाण्याची पाळी लाखो मुलांवर आली असती, हे मात्र नक्की. ज्याने सूत्र शोधले त्याला जे दिसले नाही ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दिसले. दिसावयाला त्याला बुद्धी अधिक लागली नाही. त्याला फक्त तो खेळ पाठ नव्हता.

या संदर्भात सर्वांत उद्बोधक कथा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची आहे. जॉर्डन मेक्नर हा तरुण येल विद्यापीठात शिकत असतानाच ‘कराटेका’ हा त्याचा खेळ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. फळ्यांवरून उड्या मारण्याचा प्रांत मात्र त्याला नवा. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर धावावयास, उड्या मारावयास आणि भिंतीवर चढावयास लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि एकेक चित्र हाताने गिरवून त्यातून आपला राजपुत्र घडवला. पडद्यावरची माणसे तोवर ठोकळ्यांसारखी उडत; हा राजपुत्र धाप लागल्यासारखा धावे, फळीचा काठ बोटांनी पकडी आणि लोंबकळे. जो पाही तो थक्क होई. काम वर्षानुवर्षे चालले, आणि सौंदर्य इतके असूनही खेळात जीव येईना.

त्या काळातील मेक्नरची दैनंदिनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, म्हणून आतला झगडा आज वाचता येतो. त्याची मैत्रीण आणि सहकारी टोमी पियर्स खेळ पाही आणि पुन्हा पुन्हा एकच सांगे : यात लढाई हवी. मेक्नरच्या मूळ कल्पनेत लढाईला जागा नव्हती, आणि ॲपलच्या त्या संगणकाच्या तोकड्या स्मृतीतही नव्हती. राजपुत्राच्या सुरेख हालचालींनीच ती सगळी खाऊन टाकलेली. दुसऱ्या एखाद्या योद्ध्याची चित्रे ठेवणार कोठे? हे उत्तर निर्विवाद होते. पण ते कर्त्याचे उत्तर होते. पाहणाऱ्याला स्मृतीच्या किलोबाइटांशी काय कर्तव्य? तिला खेळ पाहताना कंटाळा येत होता, ही वस्तुस्थिती त्या हिशेबाने पुसली जाणारी नव्हती.

अखेर वाट सापडली ती अडचणीतूनच. नवी चित्रे ठेवावयास जागा नाही, तर राजपुत्राचीच चित्रे एका साध्या गणिती क्रियेने, किंचित सरकवून स्वतःवरच पुन्हा टाकली, तर एक थरथरती, झिलमिलती छाया मिळते. तिला वेगळी जागा लागत नाही. त्या छायेतून खेळातले सर्वांत संस्मरणीय पात्र जन्माला आले. राजपुत्र आरशातून आरपार उडी घेतो आणि त्याची छाया विरुद्ध दिशेला निसटते. पुढे तीच त्याच्या वाटचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावून त्याला खाली पाडते आणि शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की राजपुत्राचेच प्राण कमी होतात. तलवार म्यान केल्यावाचून पुढची वाट नाही. मराठी वाचकाला यात वेदान्त दिसला तर नवल नाही. मेक्नरला मात्र तो जागा वाचवताना सापडला. पियर्सचे समाधान तेवढ्याने झाले नाही. तिचे लढाईचे म्हणणे चालूच राहिले. मेक्नरने मग आज्ञावलीची फेरमांडणी करून आणखी थोडी स्मृती मोकळी केली आणि पहारेकऱ्यांशी तलवारीची खरी झुंज खेळात आली. तिच्या हालचाली १९३८ सालच्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातील द्वंद्वावरून घेतल्या होत्या. १९८९ साली खेळ प्रसिद्ध झाला. आरंभी खप बेताचाच होता, पण इतर संगणकांवर आल्यावर तो जगभर गेला. आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात ज्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांत संगणक आले, तेथे कामाची वेळ संपल्यावर, आणि कधी संपण्यापूर्वीही, साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचण्याची धडपड करणारे अनेकजण आज निवृत्त झाले असतील.

येथे रोग्याने सांगितलेले औषधही खरे निघाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पियर्सचे पहिल्याच दिवशी ऐकले असते तर छाया जन्मली नसती, आणि कधीच ऐकले नसते तर पहारेकरी आले नसते. ऐकावे किती आणि केव्हा, याचे कोष्टक कोणी करून देऊ शकत नाही.

कोणाचे ऐकावे, हे मात्र थोडेफार सांगता येते. समोर बसून खेळणाऱ्या पाच माणसांचे निरीक्षण दूरवरच्या पाचशे मतांहून अधिक शिकवते. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली संगणकीय उपयोगसुलभतेच्या संदर्भात असा हिशेब मांडला होता की पाच माणसांना वापरावयास दिले की रचनेतले बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. त्यांचा हिशेब खेळांसाठी नव्हता. तरीही पहिल्या पडद्यावरचा खड्डा पाचांपैकी चौघांना गिळत असेल तर सहाव्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. याउलट, मतांचा नुसता पूर आला की काय होते ते व्हिएतनाममधील डाँग न्गुयेन यांच्या ‘फ्लॅपी बर्ड’ने दाखवले. २०१३ साली आलेला, एका बोटाने खेळावयाचा तो पक्ष्याचा लहानसा खेळ काही महिन्यांनी अचानक जगभर पसरला. स्तुती, शिव्या, चौकशा, आरोप यांचा असा मारा झाला की फेब्रुवारी २०१४ मध्ये, भरपूर पैसा मिळवून देणारा तो खेळ कर्त्याने स्वतःच मागे घेतला. त्या गदारोळात नळ्यांमधील अंतर योग्य आहे की नाही, असे विचारणारा आवाज ऐकू येणे अशक्यच होते.

या साऱ्याचा आपल्या शाळा-महाविद्यालयांशी संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांपासून मुलांना संगणकाच्या आज्ञावलीची ओळख करून देण्याचा मनोदय व्यक्त केला. त्या वर्गांत मुले जे पहिले काही करतील ते बहुधा खेळच असतील. प्रश्न असा की त्या खेळांचे पुढे होणार काय? अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. सोनेरी अक्षरांचा बांधीव अहवाल तयार होतो, बाहेरून परीक्षक येतात, विद्यार्थी स्वतः संगणकाशी बसून प्रकल्प ‘चालवून दाखवतो’, दोन प्रश्न विचारले जातात, गुण मिळतात आणि अहवाल कपाटात जातो. या संपूर्ण विधीत ती वस्तू ज्याच्यासाठी केली तो माणूस एकदाही खोलीत येत नाही. विद्यार्थी चालवून दाखवतो म्हणून ती चालते. कोठे हात लावावयाचा नाही हे त्याला पाठ असते. परीक्षकाचा दोष नाही. त्याला एका दिवसात अनेक प्रकल्प उरकावयाचे असतात. पण गुणांचा आकडा आणि परक्या माणसाचा अडखळणारा हात यांत जो फरक आहे तो विद्यार्थ्याला कधी कळतच नाही. त्याला पुढे नोकरीत, एखाद्या बँकेचे वा वीजबिलाचे ॲप करताना, कळतो. तेव्हा मावशी खड्ड्यात पडलेली असते आणि तिचे पैसे अडकलेले असतात.

याला नवा अभ्यासक्रम लागत नाही, अनुदान लागत नाही. ‘क’ तुकडीने केलेले खेळ ‘ड’ तुकडीने खेळावेत, आणि त्या तासात खेळ करणाऱ्याने बोलू नये, एवढा एक नियम पुरेसा आहे. हा नियम शिक्षकांनाही लागू करावा. किंबहुना त्यांनाच तो अधिक जड जाईल. खेळणाऱ्याने ‘छान आहे’ हे दोन शब्द वगळून, आपण कोठे अडलो आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटले, एवढेच लिहून द्यावे. करणाऱ्याने ते वाचून वाद न घालता आठवडाभर ठेवावे आणि मग दोन-तीन गोष्टी बदलून तोच खेळ पुन्हा त्याच तुकडीपुढे ठेवावा. नाटकमंडळींना हे नवे नाही. पहिल्या प्रयोगात प्रेक्षक ज्या ठिकाणी खोकू लागतात, त्या जागी दुसऱ्या प्रयोगापर्यंत कात्री चालते. नाटककार कितीही रुसला तरी.

वार्षिक विज्ञान प्रदर्शनापासूनच आरंभ करता येईल. तेथे आज संगणकाचे टेबल कसे दिसते? खेळ करणारा मुलगा खुर्चीवर बसलेला, माऊस त्याच्या मुठीत, आणि पाहुणे मागे उभे राहून माना डोलावत आहेत. यंदा ती खुर्ची पाहुण्याला द्यावी, आणि मुलाने मागे उभे राहावे.